दोन विद्यार्थी ग्रुप एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मध्यस्थी माझ्याकडे आलीये. सुरुवात कुठून करू?

पामबीच_रोड :

नमस्कार. मी नवी मुंबईतल्या एका डिग्री कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, नाव लिहीत नाही कारण आमची मुलं पण इथे वाचत असतील. यंदा विद्यार्थी विकासाचं काम माझ्याकडे आलं आणि त्याच्यासोबत हे भांडणही आलं.

आमच्याकडे दोन ग्रुप आहेत. एक वाचनवाला, दर शुक्रवारी लेक्चर संपली की लायब्ररीमागच्या कट्ट्यावर बसतात, फुले-आंबेडकर वाचतात, भित्तिपत्रक काढतात. दुसरा गडकिल्लेवाला, पावसाळ्यात ट्रेक, रक्तदान शिबिर, १२ जानेवारीला जिजाऊ जयंती आणि युवा दिन, आणि वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे शिवजयंती. दोन्हीपैकी कोणीही कुठल्या पक्षाची अधिकृत शाखा नाही पण दोन्हीकडच्या मोठ्या मुलांची बाहेर कुठे ऊठबस आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

६ डिसेंबरच्या भित्तिपत्रकात आरक्षणावर एक लेख होता, तिसऱ्या दिवशी बघितलं तर अर्धा फाडलेला. कोणी फाडला ते कळलं नाही, त्या कोपऱ्यात कॅमेरा नाही. वाचनवाल्यांनी धरून चाललं की गडवाल्यांनीच. मग एसवायच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गडवाल्यांतल्या एका मुलाने "फुकटच्या सीटा" असं काहीतरी टाकलं, वाचनवाल्यांतल्या एका मुलीने त्याचा स्क्रीनशॉट नावासकट इन्स्टावर टाकला, तो कुठल्या कुठे फिरला, आणि चार दिवसांनी त्या मुलाच्या घरी घणसोलीला अनोळखी माणसाचा फोन, मुलाला सांभाळा म्हणून. आई घाबरली, मुलगा आठवडाभर कॉलेजला आलाच नाही. ती मुलगी पण आता स्टेशनपर्यंत एकटी जात नाही, दोघी-तिघी सोबत असतात.

आता १९ फेब्रुवारीसाठी दोन्ही ग्रुपचे अर्ज आलेत. जागा तीच, तळमजल्याचा पोर्च, वेळही तीच, सकाळी दहा. गडवाल्यांना पालखी आणि ढोलताशा हवाय, वाचनवाल्यांना व्याख्यान आणि जोतीराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर रचलेला पोवाडा. दोघांचंही म्हणणं एकच, महाराज आम्हाला कळले, त्यांना नाही. स्टाफ मीटिंगमध्ये सूर असा निघाला की दोघांनाही नाही म्हणा, यंदा कार्यक्रमच नको. मला हे अजिबात पटत नाहीये. मुलांना मतं आहेत म्हणून त्यांची जागाच काढून घेतली तर उद्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा धडा मी कुठल्या तोंडाने शिकवू?

मी एक प्रयत्न केला, दोन्हीकडच्या पाच-पाच जणांना एका खोलीत बसवलं, चहा-खारी मागवली, आपण सगळे एकाच कॉलेजचे वगैरे बोलले. दहा मिनिटांत आवाज चढले, ती मुलगी रडत बाहेर गेली आणि मी तिच्या मागे जाऊ की आतल्यांना थांबवू हे मला कळेना. रात्रभर झोप नव्हती.

आणखी एक, मी स्वतः मनाने वाचनवाल्यांच्या जवळची आहे. मुलांना ते माहीत आहे. मग मी मध्ये बसावं का मुळात? हातात तीन आठवडे आहेत.


कोर्टनाक्याची_काकू :

तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या मुलीएवढी असशील. मी ठाणे कोर्टात वकिली करते, मध्यस्थीचं चाळीस तासांचं ट्रेनिंग झालंय, कौटुंबिक आणि मालमत्तेची प्रकरणं बरीच बसवलीत.

पहिली गोष्ट, पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवायचं नसतं. आधी वेगवेगळं भेटायचं, आणि भेटताना कोणाला काही समजवायला जायचं नाही, नुसतं ऐकायचं, तास गेला तरी चालेल. उठताना विचारायचं की यातलं काय मी पलीकडे सांगू आणि काय माझ्यापाशी ठेवू. जे ठेव म्हणाले ते पोटात ठेवायचं, प्रिन्सिपलनी विचारलं तरी. हा एक शब्द तू पाळलास की पुढची निम्मी वाट सोपी होते, कारण या मुलांचा आत्ता कुणावरच विश्वास नाहीये.

दुसरं, तू लिहिलंयस त्यात तीन वेगळी भांडणं एकात एक गुंतलीत. आरक्षण बरोबर की चूक आणि महाराज कोणाचे, हे मतांचं भांडण, ते मिटवायला तू जाऊच नकोस, ते मिटायचं नाही आणि मिटू पण नये, कॉलेज त्यासाठीच असतं. फाडलेला लेख, ती कमेंट, स्क्रीनशॉट, फोन ही दुखावल्याची बाजू. आणि पोर्च, वेळ, ढोल ही जागेची बाजू. तू त्या दिवशी तिन्ही एकदम टेबलावर ठेवलीस म्हणून आवाज चढले, त्यात तुझा दोष नाही, सगळेच पहिल्यांदा तसंच करतात.

तिसरं जरा कडक सांगते. धमकीचा फोन आणि जातीवरून केलेला अपमान हे "समजुतीने घ्या" म्हणायचे विषय नाहीत. फोनबद्दल पोलिसात जायचं की नाही ते त्या घरच्यांनी ठरवायचं, तू अडवायचं नाहीस. कमेंटबद्दल त्या मुलीला किंवा कोणालाही तक्रार करायची असेल तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तुमच्याकडे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला विद्यार्थ्यांशी भेदभाव झाल्याची तक्रार त्यांच्याच कक्षेत येते, पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. ही वाट उघडी आहे हे तू दोघांनाही आधीच सांगून टाक. दार उघडं असलं की माणूस आपणहून बसतो, बंद करून बसवलेला माणूस उठायचीच वाट बघतो.

आणि तुझ्या मतांचं म्हणशील तर लपवू नकोस. गडवाल्यांना सरळ सांग की माझी मतं तुम्हाला माहीत आहेत, म्हणून मी एकटी बसणार नाही, तुमचा विश्वास आहे असा स्टाफमधला एक माणूस तुम्ही सुचवा, आम्ही दोघं मिळून बसू.


मुरबाडचा_मास्तर :

काकूंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त गावाकडचं जोडतो. आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आमचे वडील पहिल्याच समितीत होते. बांधाची, पाण्याची, वाटेची भांडणं, त्यात भाऊकी आली की बघायलाच नको. वडील दोन गोष्टी पाळायचे. एक म्हणजे बैठक कुठे, तर कोणाच्याही दारात नाही, देवळात पण नाही, शाळेच्या पडवीत, खाली सतरंजीवर, सगळे एका उंचीवर. तुमच्या मुलांना तुम्ही प्रिन्सिपलच्या केबिनशेजारी बसवलंत तर ती आरोपी म्हणूनच बसणार.

दुसरं म्हणजे वडील म्हणायचे, भांडणारे दोन दिसतात पण तिसरा कुठे बसलाय तो आधी शोध. बांधावरून भांडणाऱ्या भावांच्या मागे कोणीतरी फूस लावणारा असतोच, त्याला भांडण हवं असतं. तुमच्या प्रकरणात तो फोन करणारा कोण? मला नाही वाटत तो कॉलेजातला पोरगा असेल. दोन्ही ग्रुपचे जे बाहेरचे "दादा" आहेत त्यांना या दोन-तीन आठवड्यांत गेटच्या आत यायला मिळता कामा नये, आणि हे कॉलेजने सांगण्यापेक्षा मुलांनीच ठरवलं तर टिकेल.

ठरेल ते लिहून काढा, दोघांसमोर मोठ्याने वाचा, मगच सह्या.


वर्तकनगर_ते_विद्याविहार :

मला हा धागा वाचून आतून ढवळून आलं म्हणून लिहितेय. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात होते, दहाएक वर्षं झाली, तेव्हा मी त्या रडत बाहेर गेलेल्या मुलीच्या जागी होते. आमच्यात पण "समेट" झाला. सरांनी दोन्हीकडच्यांना बोलवून हात मिळवायला लावले, फोटो काढला, कॉलेजच्या पेजवर टाकला, मथळा होता मैत्रीचा वगैरे. ज्याने मला वर्गात सगळ्यांसमोर जातीवरून बोललं होतं त्याचा हात हातात घेऊन मी फोटोत हसतेय. घरी आईने तो फोटो बघून चांगलं झालं बाळा म्हटलं आणि मी काही बोलले नाही. त्यानंतर मी त्या मजल्यावर जाणं टाळायचे, लेक्चर बुडवले, एक विषय राहिला. सरांच्या दृष्टीने मात्र प्रकरण मिटलेलं होतं.

म्हणून पामबीच ताई, माझी हात जोडून विनंती आहे की दोन्ही बाजूंना सारखंच लागलंय असं धरून चालू नका. वाचनवाल्या मुलांना त्यांच्या असण्यावरून बोललं गेलंय. त्या मुलाला धमकी आली हेही वाईटच, खूप वाईट, पण दोन्ही एकाच तराजूत घालून "चला आता विसरा" म्हणू नका.

मध्यस्थीच्या आधी कॉलेजने करायचं एक काम आहे. तो फाडलेला लेख परत लावा. विद्यार्थी नाही, कॉलेज लावेल, खाली कॉलेजचा शिक्का आणि एक ओळ, की भित्तिपत्रकावरचा मजकूर कोणालाही पटला नाही तरी फाडता येणार नाही, उत्तर द्यायचं असेल तर शेजारचा अर्धा फळा मोकळा ठेवलाय. हे झाल्याशिवाय त्या मुलांनी टेबलावर का यावं?

अजून एक. पोर्चवरून एवढं का पेटतं याचा विचार करा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने आपल्याकडे कॉलेजातल्या खुल्या निवडणुका गेल्या आणि मार्कांवर नेमणुका आल्या. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या पण मी कॉलेजात असेपर्यंत एकही बघितली नाही. त्याच्या दहा वर्षं आधी, २००६ ला, विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने उमेदवाराला पाच हजारांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरवर बंदी, हजेरीची अट हे सगळं घालून दिलं होतं आणि सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं होतं, म्हणजे नीट घ्यायच्या कशा हे माहीत नव्हतं असं नाही. किती मुलं आपल्या बाजूने आहेत हे मोजायचा सरळ मार्गच नसेल तर मग ज्याचा ढोल मोठा तो जिंकला.


ऐरोलीकर_मन :

मी मानसशास्त्रात पीएचडी करतोय. चहा-खारी का चालली नाही याला एक जुना प्रयोग आहे तो सांगतो. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी अकराएक वर्षांच्या २२ मुलांचा कॅम्प घेतला, दोन गट पाडले, स्पर्धा लावल्या, आणि काही दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. मग जवळ आणायला एकत्र जेवण, एकत्र सिनेमा करून बघितलं तर जेवताना एकमेकांवर अन्न फेकाफेकी. नुसतं एकत्र बसवून भांडण उलट वाढलं. कमी कधी झालं, तर कॅम्पचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांनी मिळून टाकीपर्यंतची लाईन शोधावी लागली, ट्रक अडकला तो दोराने दोघांनी मिळून ओढावा लागला तेव्हा. एकट्याने होणार नाही असं काम लागतं.

तुमच्याकडे १९ फेब्रुवारी हेच तसं काम होऊ शकेल का बघा. आणि एक बैठक अशी घ्या की प्रत्येकाने आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, समोरचा "हो, मला हेच म्हणायचंय" म्हणेपर्यंत स्वतःचं बोलायचंच नाही. आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष आधी मांडायची रीतच होती.

शिवाय एका बैठकीवर थांबू नका. प्रिन्स्टनमध्ये १९९९ साली विद्यार्थ्यांनी हॅरल्ड सॉन्डर्स या मुत्सद्द्याच्या मदतीने असे संवादाचे गट सुरू केले, तिथे मुद्दा हाच की तीच माणसं परत परत भेटली पाहिजेत.


वर्तकनगर_ते_विद्याविहार :

@ऐरोलीकर_मन, दादा प्रयोग मला माहीत आहे पण त्यातली मुलं सगळी एका थरातली होती, गोरी, प्रोटेस्टंट, मध्यमवर्गीय घरची, आणि गट शेरीफनीच पाडले होते. कॅम्प संपला की गट संपले. आमचे गट कॉलेजात यायच्या कितीतरी आधीपासून पडलेले आहेत, ते पालखी मिळून उचलल्याने जाणार नाहीत.


ऐरोलीकर_मन :

मान्य आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पण त्याच वर्षी, १९५४ ला, लिहिलं होतं की संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायला दोन्ही बाजूंचा दर्जा त्या ठिकाणी समान लागतो आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. तो लेख कॉलेजने परत लावायचा हा तुमचा मुद्दा त्यात बसतो, मी आधीच लिहायला हवं होतं.


सह्याद्री_एसवाय :

मॅम तुमच्या कॉलेजचा नाहीये मी पण आमच्याकडे पण सेम सीन झालाय आणि मी गडवाल्या साइडचा आहे म्हणून लिहितो, मोठा मेसेज होईल सॉरी.

आमच्यावर पण पोस्टर फाडल्याचा आळ आला होता. आमच्यातल्या कोणी फाडलं नव्हतं असं मी छातीठोक नाही सांगू शकत पण मी नव्हतं, आणि एकाही सरांनी मला विचारलं नाही, डायरेक्ट तुम्ही लोक असं सुरू. मला सगळ्यात जास्त ते लागलं. तुम्ही लोक म्हणजे कोण? माझे पप्पा एपीएमसीत माथाडी आहेत, पाठीवर पोती वाहतात, कोपरखैरणेला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण. अकरावीला फी भरायला आईने मंगळसूत्र ठेवलं होतं. आणि कट्ट्यावर कोणी म्हणतं तुमचे पिढ्यानपिढ्यांचे फायदे, तेव्हा डोकं सटकतं, मग मोबाईलवर काय टाईप होतं ते आपलं आपल्यालाच कळत नाही. मी पण असं एक फॉरवर्ड केलं होतं तेव्हा. नंतर आमच्याच वर्गातल्या एका मित्राने ते वाचलं, तो ट्रेकला माझ्यासोबत हरिश्चंद्रगडावर होता, माझी बॅग त्याने उचललेली पाय मुरगळला तेव्हा. त्याने काही बोललं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या बाकावर बसला. आरक्षणाबद्दल माझं मत अजून वेगळं आहे आणि ते मी मांडणार, पण त्या फॉरवर्डमध्ये मत नव्हतंच काही, फक्त त्याला खाली दाखवणं होतं. हे मला कोणी मीटिंग घेऊन नाही समजावलं. पीटीच्या सरांनी एकट्याला ग्राउंडवर दोन राउंड मारायला घेतलं आणि विचारलं, घरी कसं चाललंय. मग मी पप्पांचं बोललो आणि बोलता बोलता रडलो, आणि ते झाल्यावर मीच म्हटलं की मला त्याच्याकडे जायचंय.

तर मॅम त्या कमेंटवाल्या मुलाला आधी एकटं भेटा. माफी मागायला लावू नका, मागेल तो. आणि ग्रुपसमोर तर नकोच, ग्रुपसमोर आम्ही कोणीच मागे हटत नाही, हटलं की बाकीचे टोमणे मारतात.


पामबीच_रोड :

सगळ्यांचे मनापासून आभार, उशीर झाला उत्तराला कारण रोज कोणाला ना कोणाला भेटत होते. झालं ते लिहिते.

वर्तकनगर ताई, तुमचा मेसेज मी प्रिंट काढून प्रिन्सिपलना दाखवला. लेख परत लागला, शिक्क्यासकट, शेजारचा अर्धा फळा मोकळा. पहिले दोन दिवस रिकामाच होता, तिसऱ्या दिवशी गडवाल्यांतल्या एकीने आर्थिक निकषावर दोन पानं लिहून लावली, स्वतःच्या नावाने. वाचनवाले घोळका करून वाचत होते, मी लांबून बघत उभी होते आणि छातीत धडधडत होतं पण कोणी हात लावला नाही.

गडवाल्यांनी सुचवलेला माणूस म्हणजे आमच्या जिमखान्याचे सर. आम्ही दोघांनी मिळून आठ जणांना वेगवेगळं भेटलो, केबिनमध्ये नाही, मिनी सीशोरला वगैरे चालत चालत. सह्याद्री, तू म्हणालास तसंच झालं रे. तो मुलगा पहिली पंधरा मिनिटं फक्त फोनबद्दल बोलत होता, आई रात्री दार तीनदा तपासते म्हणाला. कमेंटचा विषय त्यानेच काढला. ती मुलगी मात्र स्क्रीनशॉट इन्स्टावरून काढून टाकणार नाही म्हणते, नाव पुसून ठेवीन म्हणते, आणि त्याच्याशी बोलायची तिची आत्ता तयारी नाही. मी आग्रह केला नाही. तिला तक्रार समितीचं सगळं सांगितलंय, अर्जाचा नमुना दिलाय, द्यायचा की नाही ते ती ठरवेल.

१९ तारखेचं जवळजवळ ठरलंय. सकाळी आठला पालखी, गेटपासून पोर्चपर्यंत, ढोल साडेनऊला बंद म्हणजे बंद. साडेदहाला पोवाडा आणि व्याख्यान त्याच पोर्चमध्ये. स्टेज एकच, माईकचं भाडं अर्धं अर्धं, एकाचा कार्यक्रम चालू असताना दुसऱ्यांचे पाच जण व्यवस्थेला उभे राहतील, बाहेरचा पाहुणा आणायचा तर दोघांनाही चार दिवस आधी नाव कळवायचं. हे शेवटचं कलम मुलांनीच घातलं, मास्तर, तुमच्या वडिलांचा "तिसरा" मी त्यांना सांगितला होता. एकत्र कार्यक्रम करायला दोघांनीही नकार दिला आणि मी ते तसंच राहू दिलं.

काकू, एक अडलंय. लेखी मसुद्यात त्या फोनचा उल्लेख ठेवायचा का? मुलगा ठेवा म्हणतो, आई नको म्हणते, तिला वाटतं परत कोणीतरी फोन करेल. उद्या सह्या आहेत.


कोर्टनाक्याची_काकू :

मुलगा अठराच्या वर असेल तर शेवटचा शब्द त्याचा, पण आईची भीती खरी आहे, तिला बाजूला सारून सही घेऊ नकोस. त्याचं नाव, घर, तारीख काही घालू नका. फक्त एवढं लिहा की कुठल्याही विद्यार्थ्याच्या घरी फोन करणं, कोणाकरवी करवणं किंवा त्याचा नंबर-पत्ता बाहेर देणं दोन्ही ग्रुपना मान्य नाही, आणि असं झालं तर दोन्ही ग्रुप मिळून कॉलेजला कळवतील. ही ओळ आज संध्याकाळीच आईला वाचून दाखव, हो म्हणाली तरच मसुद्यात घाल. आणि घरी ज्या फोनवर तो कॉल आला त्यातून त्या नंबरचा कॉल रेकॉर्ड डिलीट होऊ देऊ नका, उद्या लागलाच तर हाताशी असू दे. सहानंतर मी घरी असते, मसुदा मेसेजमध्ये पाठव, बघून देते.